जेवढे बसले तेवढे

दोन हजार तेवीस साल. त्या वर्षी मी सदुसष्ट वर्षांचा झालो. माझं वय मला पक्कं माहीत आहे, कारण छप्पन्न साली वडील नागपूरला दीक्षेला गेले तेव्हा मी सव्वा महिन्याचा होतो आणि मला घेऊन आई घरीच राहिली होती. वडील परत आले ते एकच सांगत आले, की पोरगा शिकला पाहिजे. मी चौथीपर्यंत शिकलो. पुढची शाळा दुसऱ्या गावात होती आणि मला जायचं नव्हतं. कोणी अडवलं नव्हतं, खोटं कायले सांगू.

नोकरी मात्र सारी कॉलेजात केली. आमच्या गोंदियाकडल्या गोरेगावच्या एका कॉलेजात शिपाई म्हणून लागलो. दोन हजार चार साली तिथे कॉम्प्युटरची खोली झाली आणि तेव्हाच्या प्राचार्यांनी चावी माझ्या हातात दिली. त्यांच्यानंतर चार प्राचार्य बदलले, चावी बदलली नाही. साठाव्या वर्षी निवृत्त झालो तरी मला मानधनावर ठेवून घेतलं. कोणत्या मशीनची कोणती वायर सैल आहे, कोणती मशीन पाठीवर थाप दिल्याशिवाय उठत नाही, हे दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं. सरांनाही नाही. सर शिकवायचे, खोली मी चालवायचो.

खोलीत टेबलं चाळीस, खुर्च्या चाळीस, पण चालणाऱ्या मशीनी पंचवीस. कधी चोवीस, कधी सव्वीस. बाकीच्यांवर मी कापड टाकून ठेवलं होतं. सकाळी साडेदहाच्या सुमाराला बस यायची आणि पोट्टे-पोट्टी थेट माझ्या दारावर. पहिले पंचवीस आत घ्यायचो आणि दार लोटून घ्यायचो. बाहेर जे राहायचे त्यांना म्हणायचो, उद्या ये. मग रजिस्टर उघडायचो. नाव, वर्ग, वेळ, सही. जो बसला त्याचं नाव. जो बसलाच नाही त्याचं नाव लिहायचं काही कारण नव्हतं. तपासणीला साहेब लोक यायचे, ते माझं रजिस्टर हातात घेऊन एकमेकांना दाखवायचे. एकोणीस वर्षांत एक पान कोरं नाही, खाडाखोड नाही. मला त्याचा गर्व होता. आजही सांगताना मान थोडी वर जाते, ती मी खाली घेतो.

त्या वर्षीच्या मे महिन्यात कळलं की जुन्या मशीनी जाणार आणि नवीन पद्धत येणार. त्यासाठी एक इंजिनिअर बाई आली. गोंदियाच्या कडेला मुर्री आहे, तिथली. वय तिशीच्या आतबाहेर, स्कूटीवर यायची, तोंडाला ओढणी बांधून. नागपूरच्या एका एजन्सीत तिला लागून सहा महिने झाले होते आणि हे पहिलंच काम असं होतं की ज्याचा सगळा आराखडा तिनं स्वतः करायचा. हे तिनंच मला पहिल्या दिवशी सांगितलं. सांगायला नको होतं, पण आनंद झाला की माणूस सांगतो.

मी तिला विचारलं की टेबलावर मशीन नाही तर पोरं कायवर काम करतील. तिनं वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवलं. टेबलावर फक्त स्क्रीन, कीबोर्ड आणि तळहाताएवढी एक डबी. खऱ्या मशीनी सगळ्या मागच्या खोलीतल्या एका मोठ्या पेटीत. त्याही खऱ्या नाहीत म्हणाली, पेटी आपल्या पोटात मशीनी मांडते, चाळीस म्हटलं तर चाळीस. पोरगा इथं बसून जे पाहील ते तिथं चालू असेल. एक मूळ मशीन नीट तयार करायची आणि बाकीच्या तिच्या नकला. पोरानं काम करून बंद केलं की ती नक्कल पुसली जाते आणि दुसऱ्यासाठी ताजी तयार. पोराची कामाची फाइल तेवढी वेगळ्या जागी राहते.

मला ते लवकर समजलं. एका वाफ्यात टाकलेली धानाची रोपं, पऱ्हे म्हणतो आम्ही, सगळे एका बियाचे. काढा आणि धानाच्या बांधीत लावा. मी तसं म्हटल्यावर ती माझ्याकडे पाहतच राहिली. म्हणाली, काकाजी, हे तुम्ही आमच्या साहेबांना सांगा, त्यांना दोन वर्षं लागली होती.

मग तिनं खरी अडचण सांगितली. पेटीची ताकद मोजकी असते. प्रत्येक मशीनला त्यातून वाटा द्यावा लागतो. चाळीस मशीनी मांडल्या तरी चाळीसही एकाच वेळी जाग्या नसतील, तर पेटी लहान घेऊन भागतं. पण एका वेळी किती जाग्या राहतील हे आधी नीट काढावं लागतं. तिथं चुकलं की सगळं चुकलं.

हेही मला समजलं. आमच्या गावाला तलाव आहे आणि त्याच्याखाली बांध्या आहेत. पाणी सगळ्यांना पुरतं, कारण सगळे एका दिवशी आपल्या बांधीचं तोंड उघडत नाहीत. पाळीनं घेतात. सगळ्यांनी एकाच सकाळी उघडलं तर शेवटच्या बांधीपर्यंत ओल पण जाणार नाही, आणि पहिल्यालाही धड मिळणार नाही.

तिनं विभागाच्या सरांना विचारलं की एका वेळी किती विद्यार्थी बसतात. सर म्हणाले, रजिस्टरात असेल. मला ते आवडलं नाही. मी म्हटलं, रजिस्टर मी लिहितो, मले विचारा ना. आणि कपाटातली सगळी रजिस्टरं काढून तिच्यापुढे ठेवली. तिनं दोन दिवस बसून पानापानाचे फोटो काढले. शेवटी म्हणाली, तुमचा आकडा तर पंचवीसच्या वर जातच नाही, कधीतरी सव्वीस. मी म्हटलं, नाहीच जात.

मग तिनं पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "काकाजी, एक सांगा. जागा नाही म्हणून कोणी परत जाते का?"

मी म्हटलं, "माझ्या खोलीतून कोणी परत जात नाही."

एवढंच बोललो. बोलताना मला ते खोटं वाटलं नाही. 'उद्या ये' म्हणणं म्हणजे परत पाठवणं, असं मी कधी धरलंच नव्हतं. आणि दुसरंही होतं. बाहेरून आलेल्या बाईसमोर आपल्या खोलीत काही कमी आहे हे सांगायचं, ते माझ्या जिभेवर येणारं नव्हतं. तिनं लिहून घेतलं. पंचवीस, आणि वर पाचाची सोय.

जूनमध्ये पेटी आली. मागच्या खोलीत ती रात्रंदिवस घुमायची. तिनं मला एक स्क्रीन दिली, त्यावर चाळीस चौकोन. हिरवा म्हणजे जागी, करडा म्हणजे झोपलेली, लाल म्हणजे अडकलेली. अडकली तर तिच्यावर बोट ठेवायचं, बंद करायची, नवीन उठवायची. इंग्रजी मला येत नाही, पण तीन शब्द कसे दिसतात ते मी डोळ्यांनी पाठ केले. आठ दिवसांत मी एकटा करू लागलो. चौथी शिकलेला माणूस सकाळी मशीनी जन्माला घालतो आणि संध्याकाळी पुसतो. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, पुसायचं काम तुम्हाले पहिल्यापासून येते, घरी कधी केलं नाही.

जुलै-ऑगस्ट बरा गेला. बरा जाणारच होता. आमच्या इकडे त्या दोन महिन्यांत धानाची रोवणी असते, अर्धं कॉलेज चिखलात. दहा-बारा पोरं यायची. चौकोन बहुतेक करडे. इंजिनिअर बाई फोन करून विचारायची आणि मी म्हणायचो, सारं ठीक चालून राहिलं. तिच्या एजन्सीनं तिला शाबासकी दिली म्हणे.

पोळा झाला, रोवणी सरली, पोरं परत आली. आणि आता खोलीत चाळीस खुर्च्या, चाळीस जागत्या स्क्रीनी. दार लोटायचं मला काही कारण राहिलं नाही. जो आला तो बसला. पंचवीसचे तीस झाले, तीसचे पस्तीस. मशीनी हळू उठायला लागल्या. मी पाहत होतो. तिला सांगितलं नाही. वाटलं, नवीन आहे, बसेल नीट.

सप्टेंबरच्या शेवटी प्रॅक्टिकलची परीक्षा होती. चाळीस जणांची एक तुकडी, वेळ पावणेअकरा. बस आली, चाळीसही एकदम आत, चाळीसही एकदम बटण दाबून. माझ्या स्क्रीनवर वीस-बावीस चौकोन हिरवे झाले आणि मग सगळंच थांबलं. स्क्रीनींवर ते गोल चाक फिरत राहिलं. जे आत गेले होते त्यांच्याही मशीनी अडकल्या. मी एकेका लालवर बोट ठेवून बंद करू लागलो, उठवू लागलो, आणि जेवढ्या उठवल्या तेवढं आणखी जड झालं. हे मला तेव्हा कळलं नाही. नंतर तिनं सांगितलं, काकाजी, बुडणाऱ्या डोंग्यात तुम्ही माणसं चढवत होते. अर्ध्या तासानं कोणाचंच काही चालू नव्हतं. परीक्षा रद्द झाली. दोन पोरी रडत होत्या. त्यांचं निम्मं लिहून झालं होतं आणि ठेवलेलं काहीच नव्हतं.

प्राचार्यांनी एजन्सीला कडक पत्र पाठवलं. एजन्सीनं बाईला विचारलं की पंचवीस कुठून आणले. तिला दुसऱ्याच दिवशी गोरेगावला धाडलं, तपास कर म्हणून. मोठे साहेब चौथ्या दिवशी येणार होते. ज्यानं आराखडा केला त्याला काढायचं असं आधीच ठरल्यासारखं होतं. तिनं हे मला सांगितलं नाही, एजन्सीचं सामान घेऊन आलेल्या गाडीवाल्यानं सांगितलं. नोकरीतली तिची पहिलीच कामगिरी होती. ही अशी गेली तर पुढे कोण आराखडा करू देणार, असं तो म्हणत होता. तिच्याच घरी चहा पिऊन आला होता, कळवळ्यानं बोलत होता.

ती तीन दिवस येत राहिली. पहिले दोन दिवस पेटीपाशी बसून होती. मी पाणी नेऊन द्यायचो आणि निघून यायचो. मला माहीत होतं. कोणी काही म्हणायच्या आधी मला माहीत होतं. पण मी दाराशी उभा राहून दुसरंच काही काम करायचो. टेबलं पुसायचो. पुसलेली टेबलं परत पुसायचो. माणूस थकतो तो कामानं नाही, हे मला त्या दोन दिवसांत समजलं.

तिसऱ्या दिवशी ती व्हरांड्यात जाऊन पोरांमध्ये बसली. तासभर बोलली. मग आत आली, माझ्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसली.

म्हणाली, "काकाजी, रजिस्टरात पंचवीसच कसे?"

"जेवढे बसले तेवढे लिहिले."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांना उद्या ये म्हणायचो."

तिनं रजिस्टराचं एक पान उलटवलं, परत होतं तसं केलं. म्हणजे मशीनी पंचवीस होत्या म्हणून पोरं पंचवीस दिसायची, असं हळूच म्हणाली, मला नाही, स्वतःलाच. मग वर पाहिलं.

"मी विचारलं होतं काकाजी."

"विचारलं होतं."

मला वाटलं आता ती ओरडेल. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो, मोकळं झालं असतं. ती ओरडली नाही. उठली, ओढणी नीट केली आणि म्हणाली की रिपोर्टमध्ये ती माझं नाव टाकणार नाही. म्हाताऱ्या माणसावर ढकललं असं दिसेल. आकडा तपासायचं काम तिचं होतं, तिनं एक दिवस दारावर उभं राहून पाहायला हवं होतं.

मला त्याचा राग आला. उपकार वाटायला हवे होते, पण राग आला. मी म्हटलं, "काऊन? माझ्या नावाले काय झालं?"

ती म्हणाली, "काही नाही झालं. झोपा आज शांत."

झोप कशाची येते. बायकोला सारं सांगितलं. ती म्हणाली, पोरगी आहे ती, तुमच्यासाठी कायले मरावं तिनं. एवढं बोलून ती तांदूळ निवडत राहिली. तिनं दुसरं काही सांगायची गरज नव्हती.

चौथ्या दिवशी दुपारी प्राचार्यांच्या खोलीत बैठक झाली. प्राचार्य, विभागाचे सर, नागपूरचे मोठे साहेब आणि ती. चहा मी नेला. आत गेलो तेव्हा ती सांगत होती की तिचा अंदाज चुकला. साहेब म्हणाले, ठीक आहे, कबूल केलं ते बरं केलं, हे काम आम्ही दुसऱ्या इंजिनिअरकडे देतो. त्यांच्या आवाजात रागही नव्हता. निपटवायची घाई होती.

मी ट्रे टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "अंदाज तिचा नाही साहेब. आकडा माझा होता."

प्राचार्य म्हणाले, "बाबा, तुम्ही जा. तुम्हाला काय कळते यातलं."

खरं सांगतो, मला वाटलं होतं की माझ्यावर ओरडतील. त्याची तयारी करून आलो होतो. पण हे मनात आलं नव्हतं, की माझा गुन्हाच कोणी धरणार नाही. साहेब तर हसले. म्हणाले, अहो, शिपायाच्या सांगण्यावर सर्व्हर घेतला असं मी वर कसं लिहू. ती मान खाली घालून बसली होती आणि हातानं मला जा जा म्हणत होती. एवढी वर्षं मी हेच म्हणवून घेतलं होतं की मला सगळं कळतं. आता कळतं म्हणून दोषी आहे, एवढंच म्हणायचं होतं, तर ते ऐकायला कोणी तयार नव्हतं.

मी गेलो नाही. उभं राहून सांगितलं. पेटीचा वाटा पंचवीस मशीनींसाठी काढला होता, वर पाच. चाळीस एकदम उठल्या की प्रत्येकीच्या वाट्याला काही उरत नाही, उठायलाच जास्त ताकद लागते, एकदा उठली की कमी लागते. आणि पोरं एकेक येत नाहीत, बसनं येतात, म्हणून चाळीसही एका मिनिटात उठतात. हे सगळं या बाईनं मला मे महिन्यात समजावलं होतं आणि एक प्रश्न विचारला होता. त्याचं मी खोटं उत्तर दिलं. जागा नाही म्हणून रोज पंधरा-वीस पोरं परत जायची. एकोणीस वर्षं. रजिस्टरात त्यांचं नाव नाही, कारण मी लिहिलं नाही.

विभागाच्या सरांनी चष्मा काढला. त्यांनाही माहीत होतं की पोरं परत जातात. कोणाला माहीत नव्हतं?

साहेब हसायचे थांबले होते. त्यांनी बाईला विचारलं, हा प्रश्न विचारल्याची नोंद आहे का. तिनं मेमधली वही बॅगेतून काढली. त्यात तिचा प्रश्न होता आणि माझं उत्तर होतं, जसंच्या तसं, तारखेसकट. तीन दिवस ती वही तिच्याजवळ होती आणि तिनं काढली नव्हती. मी ते पाहिलं आणि मला बसावंसं वाटलं, पण त्या खोलीत मी कधी बसलो नव्हतो.

मी म्हटलं, "लिहा साहेब. मी सही करतो."

लिहिलं. सही केली. माझी सही तपासणीवाल्यांना आवडायची, त्या दिवशी ती वाकडी आली.

मग साहेबांनी तिला सांगितलं की पेटीत आणखी मेमरी टाकावी लागेल, ती एकदाच मागवायची, परत परत नाही. उद्या बारा वाजेपर्यंत खरा आकडा पाठव. कॉलेजच्या यादीतला नको, यादीत दोनशे नावं असतील आणि निम्मी कागदावरच. सकाळी प्रत्यक्ष किती एकदम येतात तो, चाळीसच्या वर गेला तर टेबलंही वाढवू. तो बरोबर दिलास तर काम तुझ्याकडे. चुकलास तर मी काही करू शकणार नाही. असंच म्हणाले, तिच्याशी पोराशी बोलावं तसं.

प्राचार्य मला म्हणाले, चावी ठेवून जा, पुढचं आम्ही पाहू. मी चावी ठेवली.

बाहेर स्कूटीपाशी ती मला रागावली. पहिल्यांदाच रागावली. मला दुसरी नोकरी भेटली असती काकाजी, तुम्हाला या वयात कोण ठेवणार, असं म्हणाली. मी म्हटलं, "मले कोणी ठेवू नये आता. लय झालं." ती तरी उभी होती. तिला आकड्याची काळजी होती. उद्या सकाळी येऊन दारावर मोजते म्हणाली. मी सांगितलं की दारावर मोजून होणार नाही. परीक्षा रद्द झाल्यापासून पोरं दारावर येतच नाहीत, खोली बंद आहे. दारावर शून्य दिसेल. मी तिला म्हटलं, तू घरीच राहा, मुर्रीहून यायची गरज नाही. फोन चालू ठेव.

घरी जाताना धानाच्या बांध्यांकडे मान वळवावी असंही वाटलं नाही. लोंब्या निघून राहिल्या होत्या. मी रस्त्याकडे पाहत चाललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या गाडीनं गोरेगावला गेलो आणि कॉलेजात न जाता एस.टी. स्टँडवरच उतरून राहिलो. खिशात काड्यापेटी घेतली होती. उजव्या खिशात काड्या, एक पोरगं धरलं की एक काडी डाव्या खिशात. लिहायला मन झालं नाही.

गाड्या येत गेल्या. कॉलेजच्या पोरांना मी बॅगेवरून नाही, तोंडावरून ओळखतो. कितीकांना तर दारातूनच ओळखत होतो. जवळ जाऊन विचारायचो, कॉम्प्युटरला बसतेस का, बसतोस का. पहिल्या गाडीतली चार पोरं एकमेकांकडे पाहून नाही म्हणाली. एक पोरगी म्हणाली, नाही काकाजी, आम्ही नाही येत तिकडे. ती मागच्या वर्षी रोज यायची. मला पाहून घाबरली होती. मला वाटलं होतं पोरं मला मानतात.

मी म्हटलं, "मी दारावर नाही आता बाई. चावी गेली. खरं सांग, खोली उघडली तर साडेदहाले येशील?"

तिनं पुन्हा एकदा माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, "येईन. आमच्या गावच्या तिघी येतील. त्या तर यायचंच सोडून देल्या."

मी चार काड्या या खिशातून त्या खिशात टाकल्या. मग तिनंच बाकीच्यांना सांगितलं आणि पोरं आपणहून येऊन सांगू लागली. कोणी म्हणालं मी पण, कोणी म्हणालं माझा भाऊ पण, तो तापानं पडला आहे. साडेदहाची गाडी आली तेव्हा मला पुरेनासं झालं. स्टँडवरचा चहावाला विचारत होता, बाबा, निवडणुकीची यादी करून राहिले का. मी काड्या टाकत राहिलो.

अकरा वाजता बाकावर बसून डावा खिसा रिकामा केला. दोनदा मोजलं. पाय सुजले होते. मग तिला फोन लावला. पहिल्या घंटीलाच तिनं उचलला.

मी म्हटलं, "अठ्ठावन्न."

"पक्का आकडा, काकाजी?"

जन्मभर या प्रश्नाला माझं एकच उत्तर होतं. मी म्हटलं, "पक्का नाही. मोटरसायकलवाले दुसऱ्या रस्त्यानं येतात, ते मले दिसत नाहीत. किती आहेत ते मले माहीत नाही."

ती म्हणाली, थांबा, लिहिते. मी फोन कानाला धरून थांबलो. मग म्हटलं की बारा वाजायला अजून वेळ आहे, त्या रस्त्याच्या तोंडाशी जाऊन विचारतो. आणि काड्या परत उजव्या खिशात भरून चालू लागलो.